तळघरातला व्यत्यय

३ मार्च, संध्याकाळी ७.४०

आणि वर म्हणे मीच फोन कापतो. ताईने हे तिसऱ्यांदा ऐकवलं. गाळ्याच्या पैशांचा विषय निघाला की तुझी रेंज अगदी वेळेवर जाते, म्हणाली. मी म्हटलं, ताई, खोली तळघरात आहे. डोक्यावर तीन मजले सिमेंट. खिडकी एकच, तीही फूटपाथवरच्या लोकांच्या चपलांकडे उघडते. इथे रेंज यायची कुठून? ती म्हणाली, बरं, मग पैशांचं आत्ताच बोल, आत्ता ऐकू येतंय. मी बोलायला तोंड उघडलं आणि फोन कटला. आता तिची खात्रीच पटली असणार.

गाळ्याचं असं आहे. ताई शिवणकाम करते, घरीच, भाचा जिथे अभ्यास करतो त्याच टेबलावर. गिऱ्हाईक आलं की त्याची वह्या-पुस्तकं पलंगावर. चौकातला गाळा रिकामा झालाय. डिपॉझिट वीस हजार. मालक ३१ तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. मी शब्द देऊन टाकला की वीसच्या वीस माझ्याकडून, तू फक्त मशीनला तेल घाल.

पैसे येणारच आहेत. माझं कंत्राट ३१ ला संपतं. कायम झालो की अ‍ॅडव्हान्स मिळतो. एखादी मोठी केस पकडली तर तुझं नाव पुढे टाकतो, असं आमच्या ऑफिसातले मीटरसाहेब म्हणाले. म्हणजे मी विचारलं आणि त्यांनी मान हलवली.

४ मार्च

वही सुरू केली कारण साहेबही वही ठेवतात. तिला लॉग म्हणतात. कायम झाल्यावर मलाही लिहावा लागेल. आत्तापासून हात बसलेला बरा. शाळेत हात बसायच्या आधीच मी निघालो होतो.

कामाची नोंद. आमचं मंडळ देशातले सगळे फोन, टीव्ही आणि रेडिओ यांच्यावर नजर ठेवतं. कोणी कुठल्या लहरीवर बोलायचं, टीव्हीवाल्यांनी तासात किती मिनिटं जाहिरात दाखवायची, परवाना कोणाला, दंड कोणाला, सगळं आमच्या इमारतीतून ठरतं. दुसऱ्या मजल्यावर दोन बायका दिवसभर मालिका बघतात आणि जाहिराती मोजतात. त्यांना त्याचा पगार आहे.

मी व्हॅनवर असतो. परवाना नसलेलं यंत्र कोणी लावलं तर हवेत खरखर होते, त्याला व्यत्यय म्हणतात. ती खरखर कुठून येते ते व्हॅन शोधते. साहेब आत बसून मीटर बघतात. ड्रायव्हरकाका गाडी चालवतात. टपावरचा अँटेना मी फिरवतो. मी फिरवला नाही तर दोघांना कुठे जायचं तेच कळणार नाही. घरी सांगितलंय की दिशा विभाग माझ्याकडे आहे.

एवढ्या सगळ्या फोनांवर आमची सत्ता, आणि माझ्या खोलीत एक काडी रेंज नाही. आजपासून ही गोष्ट मी खपवून घेणार नाही.

५ मार्च, रात्री ८

काम झालं.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून रेंजचा डबा आणला. चौदाशे. साबणाच्या वडीएवढा डबा, लांब वायर, वायरच्या टोकाला मिशीसारखी अँटेना. मिशी खिडकीबाहेर काढायची, डबा आत ठेवायचा. मी खात्यातला माणूस, म्हणून विचारलं की परवाना वगैरे? तो म्हणाला, भाऊ, खोक्यावर शिक्का दिसत नाही का? बघितलं, शिक्का होता. गोल होता.

लावल्या लावल्या पाच काड्या. हिरवा दिवा. आईशी वीस मिनिटं बोललो. एरवी आई आधी विचारते कोण बोलतंय, मग मी सांगतो, मग पुन्हा विचारते कोण. आज पहिल्याच हॅलोला म्हणाली, तू बारीक झालास. आवाजावरून ओळखलं.

निश्चय: रोज ७ ते ९ घरच्यांसाठी. बाकी वेळ डबा बंद. वीज घरमालकीणबाईंची असली तरी आपल्याला जाणीव हवी.

९ मार्च

केस आली. मोठी.

टेलिफोन कंपनीचं पत्र. गेले चार दिवस रोज संध्याकाळी ७ ते ९ एक अख्खा टॉवर खरखरीने भरून जातो. दोन हजार लोकांचे फोन मधेच तुटतात. साहेब म्हणाले, कोणीतरी बेकायदा यंत्र लावून बसलंय. आणि वस्ती कुठली, तर माझीच. याला म्हणतात योग. ओळखीच्या गल्ल्या, ओळखीची माणसं, पकडायला दोन दिवस पुरे.

काका म्हणाले, बघ हं, चोर तुझ्या शेजारचाच निघायचा. मी म्हटलं, काका, शेजारी असो की सख्खा असो, माझ्याकडून सूट नाही. ते ऐकून साहेबांनी लॉगमध्ये काहीतरी लिहिलं. बहुतेक हेच.

संध्याकाळी ताईला कळवलं की केस हातात आली, म्हणजे वीस हजार आलेच समज. आवाज स्वच्छ होता. ती म्हणाली, आले की समजते.

१० मार्च

वस्तीत पोस्टर चिकटवायची ड्यूटी. बत्तीस पोस्टर. माझं वाचन सावकाश आहे, त्यामुळे अकराव्या पोस्टरपर्यंत पूर्ण वाक्य लागलं. परवान्याशिवाय सिग्नल वाढवणारी यंत्रे बाळगणे गुन्हा आहे.

क्षणभर आपला डबा आठवला. लपवत नाही, वही माझीच आहे. पण नीट विचार केला.

एक, पोस्टरमध्ये वाढवणारी असं लिहिलंय. माझा डबा वाढवत काही नाही. बाहेर पडलेली रेंज आत आणतो. नळाला पाइप लावला म्हणून पाणी वाढतं का.

दोन, बेकायदा असता तर दिवा लाल असता.

तीन, मी खात्यातला आहे. पोलीस शिट्टी वाजवतो तेव्हा त्याला कोणी विचारतं का, परवाना आहे का म्हणून.

उरलेली एकवीस पोस्टरं शांत मनाने लावली. एक आमच्या इमारतीच्या दारावर, जरा जास्त डिंकाने.

११ मार्च

दिवसभर व्हॅन फिरवली. मीटरचा काटा झोपलेला. साहेब वैतागले. मग मी माझं डोकं लावलं. म्हटलं, साहेब, हा इसम दिवसा नसतोच. संध्याकाळी सातला घरी येतो, म्हणजे नोकरदार. रोज दोन तास लावतो, म्हणजे त्याला कोणाशी तरी बोलायचं असतं, म्हणजे एकटा राहतो. यंत्र स्वस्तातलं आहे, म्हणजे शिक्षण बेताचं.

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, तू बोलतोस त्यात अर्थ आहे. उद्यापासून संध्याकाळची ड्यूटी, ६ ते १०.

कायम झालोच म्हणायचं.

१४ मार्च

तीन संध्याकाळ टपावर बसून मान आखडली. खरखर नाही. टाचणीएवढीही नाही. कंपनी म्हणते, तीन दिवस फोन अगदी छान चालू आहेत, धन्यवाद. साहेब म्हणाले, धन्यवाद कसले, आपण केलंय काय.

इसम सावध झालाय. पोस्टर वाचलं असणार. म्हणजे माझंच काम.

उद्या रविवार, ड्यूटी नाही. घरी बोलेन.

१५ मार्च, रविवार

ताईशी दीड तास बोललो, सात ते साडेआठ. तिने गाळ्याची मापं घेतली. दोन मशीन बसतात, कोपऱ्यात ट्रायल रूम, भाच्याला टेबल मोकळं. मालकाने विचारलं की भाऊ नक्की देतोय ना. ती म्हणाली, मी हो म्हटलं, आता तू मला खोटं पाडू नकोस. मी म्हटलं, केस माझ्या हातात आहे. ती म्हणाली, केस नको, पैसे हातात असू देत.

मधेच घरमालकीणबाई खाली आल्या. आपला फोन हवेत हलवत. म्हणाल्या, माझा फोन मेल्यासारखा पडलाय, मुलीला फोन करायचाय, आणि तुझा बरा चालतो रे तळघरात. मी म्हटलं, बाई, खात्यातल्या लोकांच्या फोनला वेगळी रेंज असते. त्या म्हणाल्या, मग भाडंही वेगळं लावायला हवं. काढता पाय घेतला, म्हणजे त्यांनी.

१६ मार्च

कंपनीचं पत्र: रविवारी पुन्हा, ७ ते ८.३०.

साहेबांनी व्हॅनचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले की हे साधं प्रकरण नाही. आपण ड्यूटीवर असलो की खरखर बंद. आपल्याला सुट्टी असली की चालू. म्हणजे आपली ड्यूटी त्याला कळते. म्हणजे माहिती आतून फुटते.

मी अँटेनाचा दांडा घट्ट धरला. व्हॅनमध्ये माणसं तीन. साहेब नव्हेत, कारण साहेबच बोलत होते. मी नव्हे, कारण मी आहे. उरले काका.

१७ मार्च

काकांवर पाळत.

६.१५ काकांनी घरी फोन केला. म्हणाले, दोन किलो कांदे आणि लिंबू.
६.५० पुन्हा फोन. लिंबू राहू दे.
७.३० माझ्याकडे बघून विचारलं, काय रे, सारखा माझ्या तोंडाकडे काय बघतोस.

लिंबू म्हणजे काय हे शोधायला हवं. साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, लिंबू म्हणजे लिंबू. साहेब फार भोळे आहेत.

१८ मार्च

संध्याकाळच्या ड्यूटीमुळे घरी बोलणं बंद. परतेपर्यंत तिकडे सगळे झोपलेले. आई ताईला म्हणाली, तो गेला वाटतं परदेशात.

उपाय सुचला. उद्यापासून ड्यूटीवर जाताना डबा चालू ठेवून जायचा. तळघर बंद असतं, रेंज जाणार कुठे, साठत राहील. टाकीत पाणी भरून ठेवतो तसं. सकाळी उठलो की आठवडाभराचं एकदम बोलून घ्यायचं. दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. खिडकी मिशीपुरती उघडी.

असं काही साहेबांनासुद्धा सुचलं नसतं. कायम झाल्यावर सुचवेन.

१९ मार्च, संध्याकाळ

वेळेप्रमाणे लिहितोय, ही नोंद उद्या मंडळाच्या कामाला येईल.

७.०५ काटा उडाला. साहेब ओरडले. मी टपावर उभा.
७.१२ दिशा, आमची वस्ती.
७.२० आमची गल्ली. मी फिरवतोय, तिकडेच खेचतोय.
७.२६ आमची इमारत. अंगावर काटा. मनात म्हटलं, घरमालकीणबाई. सगळं जुळलं. मोठा टीव्ही, दर वर्षी भाडेवाढ, आणि रविवारी मुद्दाम खाली येऊन फोन बंद असल्याचं नाटक.
७.३० मी पुढे, साहेब हातातला मीटर घेऊन मागे. मी जिना चढायला लागलो. साहेब म्हणाले, वर नाही, खाली. मी म्हटलं, साहेब, सिग्नल वरून खाली गळत असेल. ते म्हणाले, खाली.
७.३३ दार. कुलूप. फटीत टॉवेल. साहेब म्हणाले, आत कोण राहतं. मी म्हटलं, मी. साहेबांनी मीटर पुन्हा एकदा दाराला लावून बघितला. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडेच आहे, सोयीचं झालं.
७.३४ हिरवा दिवा.

काका पायरीवर बसले आणि खांदे गदगदा हलवत राहिले. आधी वाटलं रडतायत.

माझा अंदाज साहेबांना सांगितला. बाहेरच्या कोणीतरी माझ्या डब्याचा गैरवापर केला. साहेबांनी डबा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीवर तारीख लिहिली, आणि मला म्हणाले, अँटेना खाली घे.

२० मार्च

शांतपणे विचार केला तर नुकसान काही नाही. केस सुटली. दहा दिवस कोणाला सापडत नव्हतं ते दिशा विभागाने शोधलं. इसमाचं वर्णन मी केलं होतं, नोकरदार, एकटा, शिक्षण बेताचं, ते अक्षरशः बरोबर निघालं. रिपोर्टात माझं नाव दोनदा आलंय. एका केसमध्ये दोनदा नाव आलेला माणूस खात्यात दुसरा नाही.

काकांची माफी मागितली. ते म्हणाले, राहू दे, लिंबू पाठव.

२४ मार्च

नोटिशीचं काम संपलं एकदाचं. तीन दिवस गेले.

नियम असा. नोटीस इसमाच्या राहत्या पत्त्यावर, १० ते ५ च्या दरम्यान, व्हॅनच्या मदतनिसाने हातोहात द्यायची. मदतनीस मी.

शनिवारी ११ वाजता गेलो. दार वाजवलं. कोणी नाही, कारण मी ड्यूटीवर होतो. कागदावर लिहिलं, इसम घरी आढळला नाही.

मंडळात परत येऊन टपालाच्या टेबलावरच्या बाईंना म्हटलं, बाई, मी इथेच उभा आहे, द्या, सही करतो. त्या म्हणाल्या, असं टेबलावर देता येत नाही, पत्ता तळघराचा आहे. मी म्हटलं, मग उद्या रजा टाकून घरी बसतो. त्या म्हणाल्या, बस की, पण मग नोटीस घेऊन कोण येणार?

सोमवारी पुन्हा गेलो. आढळला नाही.

आज तिसरी खेप. आढळला नाही. मग नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर नोटीस दारावर चिकटवली. साक्षीदार काका आणि घरमालकीणबाई. काकांनी विचारलं, इसम मुद्दाम टाळतोय का रे. घरमालकीणबाईंनी नोटीस मोठ्याने वाचली, शेवटपर्यंत, पूर्णविरामासकट, आणि म्हणाल्या की डिंक निघाला नाही तर दाराचा रंग तुझ्याकडून.

संध्याकाळी घरी आलो आणि नोटीस वाचली. सुनावणी शुक्रवारी. दंड कमीत कमी दहा हजार, जास्तीत जास्त पाच लाख. जास्तीत जास्तचा प्रश्न येत नाही, आपण ओळखीचे.

२७ मार्च

सुनावणी.

९.३० खोली झाडली, सहा खुर्च्या, पाण्याचे ग्लास. इसमाची खुर्ची जरा डगमगत होती, तिच्या पायाखाली पुठ्ठा ठेवला.
१०.०० निकाल देणाऱ्या, मंडळाच्या सदस्यबाई आल्या. बाहेर जाऊन इसमाचं नाव तीनदा पुकारायचं काम माझं. पुकारलं. तिसऱ्यांदा आवाज जरा चढवला, लांब असेल तर ऐकू जावं. मग आत आलो आणि बसलो. सदस्यबाई म्हणाल्या, तुम्ही का बसलात, इसम कुठे आहे. मी म्हटलं, आला, बाई.

मी तिन्ही मुद्दे मांडले. पाइप, हिरवा दिवा, शिट्टी. शिट्टीपाशी साहेबांनी डोळे मिटले. बाईंनी विचारलं, यंत्र लावलं तरी कशासाठी. त्याचं उत्तर तयार केलं नव्हतं. म्हटलं, फोनवर आई मला कोण म्हणून विचारायची. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पाणी मागितलं. उठून दिलं, परत येऊन बसलो.

दंड दहा हजार. त्याच्या खाली कायद्यात आकडा नाही, बाई म्हणाल्या, असता तर लावला असता. माफीचा अर्ज करता येतो. निर्णय साठ दिवसांत. कंत्राट चार दिवसांत संपतं. तरी अर्ज करणार.

खुर्च्या उचलून ठेवल्या.

२९ मार्च

ताईचे पाच मिस्ड कॉल. फूटपाथवर उभा होतो, रेंज भरपूर होती. घेतला नाही. आधी कंत्राटाचं कळू दे, मग एकदम चांगली बातमी देतो. साहेब काल जिन्यात माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होते. चांगलंच असणार, वाईट असतं तर तोंडावर सांगितलं असतं.

३० मार्च

साहेबांनी तोंडावर सांगितलं.

कंत्राट वाढत नाही. नियमात बसत नाही, म्हणाले, दंड झालेल्या माणसाला व्हॅनवर ठेवता येत नाही. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर जाहिराती मोजेन. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मानेचा अर्थ मला आज कळला.

डबा मात्र मंडळात राहिला. पहिल्या मजल्यावर काचेच्या कपाटात, नवीन लोकांच्या ट्रेनिंगसाठी, खाली नाव, नंबर, तारीख. कायम झाला.

३१ मार्च, संध्याकाळी ६.३०

पगार मिळाला. दंड कापून, भाडं देऊन. दाराच्या रंगाचे घरमालकीणबाईंनी घेतले नाहीत.

फूटपाथवरून ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. डबा, नोटीस, कंत्राट, सगळं. दिशा विभाग नावाचा विभाग नाही, तेही. कटला की काय म्हणून मी फोन कानापासून काढून बघितला, मिनिटं पुढे सरकत होती. तिच्या मागे मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

म्हणाली, गाळा दुपारी न्हाव्याने घेतला. मी मालकाला चारपर्यंत थांबवलं होतं. मग म्हणाली, असू दे, टेबल आहे. तुझा भाचा पलंगावर बसून अभ्यास करतो, त्याला सवय झालीय. मग विचारलं की जेवलास का. म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो. म्हणाली, या महिन्यात काही पाठवू नकोस, तुझ्याजवळ ठेव.

उद्या काका एका केबल टाकणाऱ्याकडे घेऊन जाणार आहेत. खड्डे खणायचं काम आहे.

सकाळी आधी ताईला पैसे पाठवतो. नऊशे रुपये.